आत्याला थोपवण्याचे सण

आमच्या आईने एका वर्षी जितके सण केले, तितके पिंपरीत कुणी केले नसतील. त्यातले निम्मे पंचांगात होते आणि उरलेले तिने स्वतः शोधून काढले होते. आज मी हे हसत सांगते, पण तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं. कारण ते सगळे सण माझ्यापायी चालले होते.

मी नऊ वर्षांची होते. वडील साताऱ्याकडचं गाव सोडून पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात लागले होते. तिथल्या मोठाल्या टाक्या रात्रंदिवस चालू असत, त्यामुळे वडिलांना दसरा नाही आणि दिवाळी नाही. वडील म्हणायचे, "टाकीला सण कळत न्हाई." आई म्हणायची, "टाकीला नसंल कळत, मला कळतो ना." मग ती वडिलांची पाळी बघून सण करायची. दुसरी पाळी असली की पुरणपोळी सकाळी दहाला. रात्रपाळी असली की वडील येऊन झोपून उठेपर्यंत देवसुद्धा नैवेद्याची वाट बघत बसायचा. आईचं माहेर चऱ्होलीचं, शेतकऱ्याचं. सणाला घर भरलेलं बघत वाढलेली बाई ती. इथे एका खोलीत आम्ही तिघंच, म्हणून ती सणाला जरा जास्तच चिकटून असायची.

त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचे यजमान लग्नानंतर दोन वर्षांत मुंबईला गिरणीत गेले आणि तिकडचेच झाले, तेव्हापासून ती माहेरीच होती. आजी लवकर गेली, म्हणून वडिलांना तिनेच वाढवलं. त्यामुळे कारखान्यात दहा माणसांना हुकूम सोडणारा आमचा बाप आत्यासमोर मान वर करून पाणीसुद्धा मागत नसे.

आत्या आली ती तपासनीस आल्यासारखी. आल्या आल्या खोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली. नळाचं पाणी तोंडात घेऊन खळखळवलं आणि "ह्याला चव कुठं हाय?" म्हणून थुंकून टाकलं. आईने भाकरी वाढली तर ती उलटी करून पाहिली. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी दुकानातून आईने हौसेने आणलेला पापड तिने उजेडात धरला आणि खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं, "दसरा झाला की पोरगीला घिऊन जाते म्या. हितं ना अंगण, ना गोठा. माझ्यापाशी ऱ्हाईल. साळा तिकडं बी हाय. तू तेवढा दाखला आन."

वडिलांनी ताटात बघितलं आणि ताटातच बघत राहिले. आईची तव्यावरची भाकरी जळली. मी कुणाकडे बघावं ते मला कळेना. मला जायचं नव्हतं. आत्याची मला भीती वाटायची आणि आईशिवाय मला झोप यायची नाही, हे मी कुणाला सांगणार? दुसऱ्या दिवशी माझी वेणी घालताना आईने केस इतके घट्ट ओढले की डोळ्यांत पाणी आलं. पाठीमागून ती म्हणाली, "घाबरू नगंस. मी हाय."

पण थोरल्या नणंदेला तोंडावर नाही म्हणायची सोय त्या काळी सुनेला नव्हती. आत्याचं एक मर्म मात्र आईला पक्कं ठाऊक होतं, ते म्हणजे रीत. लग्न झाल्यावर सगळ्या रीती आत्यानेच आईला कान धरून शिकवल्या होत्या. भावाचं घर ते बहिणीचं माहेर, आणि माहेरवाशिणीला सणाच्या दिवशी वाटेला लावायचं नाही, ही त्यातलीच एक.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी आत्याने सकाळीच बोचकं बांधलं, त्यात माझे दोन परकर घातले. आई म्हणाली, "वन्सं, आज एकादस. उपाशीपोटी माहेरवाशीण कशी धाडू?" आत्या थांबली. दुसऱ्या दिवशी बारस, उपास सोडायचा, गोड जेवण, आणि गोड जेवून एसटीत बसलं की पोटात ढवळतं. त्यानंतर बुधवार. बुधवारी लेक घराबाहेर काढत नाहीत. मग कोजागिरी आली. त्या दिवशी घरातल्या थोरल्या लेकराला ओवाळतात. आमच्या घरात थोरलं म्हणा, धाकटं म्हणा, मीच. "हिला ओवाळल्याबिगर कशी नेता?" आईने विचारलं. आत्याला पटलं. तिने स्वतः निरांजन लावून दिलं.

पंचांग संकष्टीपर्यंत पुरलं. पुढे वसुबारसेपर्यंत आठवडा कोरडा. नुसतं ऑक्टोबरचं ऊन. मग आईने डोकं चालवलं. आत्याला गावच्या सगळ्या रीती पाठ होत्या, पण कारखान्याच्या वस्तीची रीत तिला कुठून ठाऊक असणार?

"आज निघता यायचं न्हाई वन्सं. आज ह्यांची पाळी बदलली."

"मग?"

"हितं पाळी बदलली की शिरा करत्यात. तवा घरातलं माणूस बाहेर जात न्हाई."

आत्याने डोळे बारीक केले. शेजारची कोकणातली बाई दारात उभी होती. तिला आईने आधीच फितवलं होतं. "होय तर, आमच्यातपण करतात," ती म्हणाली, आणि वाटीभर शिरा घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात तिने तिच्या नवऱ्याच्या पाळीचा शिरा खरंच केला. मग पलीकडच्या घरातही झाला. आम्ही ती वस्ती सोडली तेव्हा नव्याने आलेल्या बायका पाळीचा शिरा जुनी रीत म्हणून करत होत्या. आमच्या आईने असा एक सण अख्ख्या आळीच्या गळ्यात मारला.

मग काय, सुरूच झालं. वडिलांच्या सायकलला नवी घंटी बसली, तिला हळदकुंकू आणि वर सांजा. गवळ्याची म्हैस व्याली, खरवस. चऱ्होलीहून मामा नवी बाजरी देऊन गेला, तर नव्या बाजरीची पहिली भाकरी लेकीबाळींसोबत खायची असते म्हणे. ही कुणाची रीत? आईला विचारायची सोय नव्हती. साखर संपली, आई गुळावर आली. एका दिवशी तर काहीच सापडेना, तेव्हा तिने दाराशी लावलेल्या घेवड्याच्या वेलाला फूल आलं म्हणून खीर केली. वडील खीर खाताना वेलाकडे असं बघत होते की जणू वेलाने मॅट्रिक पास केली होती. त्यांच्या शौर्याचं सांगायचं तर ते रोज दाखला आणायचं विसरत होते. एवढंच त्यांना जमलं, पण ते त्यांनी नेटाने केलं.

आत्या रोज सकाळी बोचकं पुढे घेऊन बसायची आणि विचारायची, "आज काय हाय?" आई सांगायची. आत्या "बरं" म्हणायची आणि मग आईच्या हातातलं काम ओढून घ्यायची. निवडणं, कांडणं, मला न्हाऊ घालणं, सगळं. तोंडाचा पट्टा चालूच. मला मात्र ती हळूहळू कमी भयंकर वाटायला लागली होती. तरी जायचं नव्हतं ते नव्हतंच.

वसुबारस आली आणि आईने श्वास सोडला. आता भाऊबीजेपर्यंत देवच सण पुरवणार होते. नळावर ती कोकणी शेजारणीला हसत हेच सांगत होती, तर ती बाई म्हणाली, "अगो, पण भाऊबीजेला तुझी नणंद भावाकडे काय मागणार?"

आईची घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. ओवाळून झाल्यावर बहीण मागेल ते भावाने द्यायचं. निरांजनासमोर नाही म्हणायचं नाही. दसऱ्यालाच आत्या गेली असती, तर निदान तोंड उघडून विरोध करायला वडिलांना जागा तरी होती. आईने तिला दसऱ्यापासून गोडधोड घालून, एकेक दिवस पुढे ढकलून, स्वतःच्या हाताने नेमकं त्या दिवसापाशी आणून सोडलं होतं.

ती घरी आली ती चकल्या जाळायलाच. घाण्यावर घाणे जळले. संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "भाऊबीजेला दोन पाळ्या करा. घरी येऊच नका."

वडील पहिल्यांदाच तिला उलटून बोलले. "चार वर्सं मला सुट्टी मिळाली न्हाई. चार वर्सं आक्काच्या हातचा टिळा लागला न्हाई. औंदा ती दारात आलीया. म्या पळून जाऊ?"

"आन पोरगी मागितली तर?"

वडील उठून सायकल पुसायला लागले. 

भाऊबीजेला वडिलांची दुसरी पाळी होती, म्हणून ओवाळणं दुपारचं ठरलं. वडील कारखान्याचा खाकी गणवेश चढवून, डोक्यावर टोपी घालून पाटावर बसले. आत्याने टिळा लावला. कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं, ते तसंच ठेवून तिने निरांजनाचं ताट उचललं. ओवाळून झालं. वडिलांनी ताटात लुगडं ठेवलं. आईने माझं मनगट धरलं होतं, मला ते दुखत होतं.

आत्याने लुगड्याला हात लावला नाही.

"आक्का, माग," वडील म्हणाले. 

"चार वर्सं चांदोबाला ओवाळलं," आत्या म्हणाली. "चांदोबा काय ताटात घालतुया? ताट तसंच घरात आनायचं, आन घरात बघायला बी कुनी न्हाई." मग तिने वडिलांना सोडून आईकडे पाहिलं. "उद्या काय सण हाय गं?"

तीन आठवडे आईपाशी रोज उत्तर तयार होतं.  त्या दिवशी ती म्हणाली, "उद्या काय न्हाई, वन्सं."

"व्हय," आत्या म्हणाली. "मंग उद्या निघाया पायजे." तिने ताट खाली ठेवलं. "तुझी पोरगी तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. म्हैस व्याल्यावर माहेरवाशीण थांबवायची रीत कुठल्याच गावात न्हाई, मला काय कळत नव्हतं व्हय? तिकडं घरात बोलायला कुनी न्हाई, म्हणून मागत हुते. दुसरं काय मागावं ते मला सुचलं न्हाई."

आईने माझं मनगट सोडलं. मला वाटलं ती सुटकेने खाली बसेल, पण ती उठली, लुगडं उचललं आणि आत्याच्या हातात दिलं.

"उद्या काय न्हाई," ती म्हणाली. "परवा बी न्हाई. तरी ऱ्हावा."

कारखान्याचा भोंगा झाला. वडील नाकावरचं कुंकू न पुसता सायकलवर बसून गेले. आत्या लुगडं मांडीवर घेऊन पाटावर बसली. आईने तिच्यापुढे ताट वाढलं. आत्याने पोळीचा तुकडा मोडला, उलटा करून पाहिला.

"पोळी जाड लाटतीस तू," ती म्हणाली.

"व्हय," आई म्हणाली, आणि दोघी रडायला लागल्या.