भिंतीपाशी थांबलेली बाई

शालिनी गेली त्या शनिवारी मी कारंज्याला बहिणीकडे होते. बहिणीच्या दिरांच्या दुकानात फोन होता, तिथं दुपारी निरोप आला. हाती लागली ती बस धरून नागपूरच्या दवाखान्यात पोचले, तर तिला वर्ध्याला नेलं होतं; वर्ध्याला पोचले, तर लोक दफनभूमीतून परतत होते. तिचे यजमान वसंतराव मला फाटकापाशी भेटले आणि म्हणाले, "कुसुमताई, झालं सगळं." महिना उलटून गेला त्याला. इतक्या वर्षांची शेजारीण, एकाच शाळेत नोकरी केलेल्या आम्ही दोघी, आणि तिच्याबद्दल लिहायला बसले तर कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

ती मूळची नगरची. सत्तरच्या सुमारास लग्न होऊन वर्ध्याच्या नालवाडीला आमच्या शेजारी आली. वसंतराव रेल्वेत कारकून, घरात सासूबाई मार्थाबाई, आणि पुढे दोन मुलं, रिबेका आणि तिचा धाकटा भाऊ. मी वडनेरच्या कास्तकाराची मुलगी. चर्च आतून कधी पाहिलं नव्हतं, पण दोन्ही घरांची भिंत एकच असल्यामुळे त्यांची संध्याकाळची प्रार्थना मला पाठ झाली होती. आधी गीत, मग शास्त्रपाठ, मग सासूबाईंची लांबलचक प्रार्थना. त्यांचं गीत सुरू झालं की मी भाजी फोडणीला टाकायची, एवढा तो नेम पक्का होता.

शालिनी शाळेत इतिहास शिकवायची आणि घरी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायची, ख्रिस्ती धर्माच्या अगदी पहिल्या दिवसांतल्या. एका ख्रिस्ती मासिकात त्या क्रमशः येत. प्रश्न होता वेळेचा. सकाळी डबे, मग शाळा, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलांचे अभ्यास. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं, आणि सून कागदात मान घालून बसलेली दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. "दिवसभर काय लिहून राह्यली वं? पोराईले जेवू कोण घालीन?" हे भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. मग एका संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर शालिनीनं त्यांना एक प्रकरण वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी खरकटी भांडी स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, "तू लिह्य. त्या बाईचं पुढं काय होते ते मले आज संध्याकाळी पायजे." तेव्हापासून सासूबाई भांडी घासणार, भाजी निवडणार आणि सून तेवढ्यात लिहिणार, असा त्या घरात करार झाला. प्रकरण झालं नाही तर भांडी तशीच पडून राहत.

असा श्रोता मिळाल्यावर गोष्टीवर त्याचा परिणाम व्हायचाच. करिंथ शहरातल्या एका विणकरणीची कादंबरी चालू होती आणि तिचा नवरा तुरुंगात होता. सासूबाई रोजच्या प्रार्थनेत घरच्या आजाऱ्यांच्या जोडीला त्याचंही नाव घेऊ लागल्या. "प्रभू, त्याले सोडव, त्याची लेकरं लहान हायेत." शालिनीनं तर त्याला मारायचं ठरवलं होतं. शाळेच्या वाटेवर मला म्हणाली, "आता कसा मारू गं त्याला? आई रोज त्याच्यासाठी मागणं करतात." शेवटी तो सुटला. तपशिलाच्या बाबतीत मात्र ती कोणालाच बधत नसे. त्या विणकरणीनं अंगणात तुरीची डाळ वाळत घातली होती. मी सहज विचारलं, तिकडं तूर होती का? तिचा चेहराच पडला. पुष्कळ पुस्तकं चाळून तिनं तुरीची मसूर केली, कारण मसूर बायबलात आहे. गोष्ट रचावी, पण खोटं सांगू नये, हा फरक तिच्या मनात अगदी स्पष्ट होता. मला तो उगाचचा बारकावा वाटायचा.

तिसरी कादंबरी इथली, घरचीच निघाली. सासूबाईंची आई लहानपणी, मोठ्या दुष्काळात, मिशनच्या अनाथाश्रमात आली होती. तिच्या आईनं तिला आवाराच्या भिंतीपाशी बसवलं आणि ती निघून गेली, एवढंच घरात माहीत होतं. त्या मुलीला ना आईचं नाव आठवत होतं, ना गावाचं. पुढे ती शिकली, तिचा संसार झाला, पण कोणी माहेर विचारलं की म्हणायची, "मले टाकलं होतं." ते बोलणं तिच्याकडून मार्थाबाईंकडे आलं. साठी ओलांडलेली, नातवंडांची आजी झालेली बाई, पण मन दुखावलं की तोंडून तेच निघायचं, "आमी टाकेल बाईच्या पोटचे." वसंतराव वैतागून बाहेर निघून जायचे. शालिनीला मात्र ते फार लागायचं, आणि त्या भिंतीपाशी बसलेल्या मुलीवर लिहायचं हे तिनं त्यातूनच ठरवलं.

ते प्रकरण तिनं वाचलं त्या संध्याकाळी मी तिथंच होते. विरजण मागायला गेले आणि अडकून बसले. आई मुलीला भिंतीपाशी बसवते, तिच्या हातात गुळाचा खडा देते आणि चालू लागते. पण जात नाही. पलीकडच्या बाभळीआड थांबते. मुलगी रडायला लागते तरी पुढं येत नाही, पदर तोंडात धरून उभी राहते. फाटक उघडतं, कोणीतरी मुलीला उचलून आत नेतं, फाटक लागतं... मग ती वळते. शालिनीनं कागद खाली ठेवले. सासूबाई आत गेल्या आणि जेवायला आल्या नाहीत. मीही विरजण विसरूनच घरी आले.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्षीची वेळ आली. म्हणजे कोणीही उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. सासूबाई उठल्या. "माह्या मायले टाकलं नोतं. तिची माय बाभळीमांगं उभी होती. पोरगी आत जाईपर्यंत हालली नाई." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाळकसाहेबांनी नंतर त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं की चर्चच्या मंडळीच्या इतिहासाची पुस्तिका निघते आहे, तिच्यात हे घालू. शालिनी दुसऱ्या रांगेत बसून हे ऐकत होती. सोमवारी शाळेच्या वाटेवर तिनं मला हे सांगितलं.

मी म्हटलं, गप्प बस. म्हातारीच्या मनातली सल गेली, कोणाचं काय बिघडलं? वसंतरावांचंही तेच मत. ती म्हणाली, "कादंबरीत आहे तोवर ते माझं आहे. पुस्तिकेत गेलं की इतिहास होईल. आणि त्या माझ्यावर विश्वास ठेवून उभ्या राहिल्या गं..." मी चिडले. तुझं खरं तुझ्यापाशी ठेव, सासूच्या जिवाशी खेळू नकोस, असं तोडून बोलले. पुढे कितीतरी दिवस आम्ही एकत्र शाळेत जात होतो, पण मुकाट्यानं.

तिनं सांगितलंच. सासूबाई पालक निवडत होत्या, तेव्हा त्यांच्यासमोर बसून म्हणाली, "आई, ते बाभळीचं मी रचलंय. तुमची आजी थांबली की नाही, मला माहीत नाही."

"आन गूळ?"

"तोही."

"मंग खरं काय हाय त्यात?"

"भिंत," शालिनी म्हणाली.

त्यानंतर भिंतीपलीकडे प्रार्थना व्हायची, वाचन व्हायचं नाही. भांडी शालिनीच घासायची. मासिकाचे संपादक पुढच्या प्रकरणांची चौकशी करत, ती उत्तर देत नसे. शेतातला कापूस घरात आला तरी तिच्याकडे हे असंच. ती वाळली होती, आणि तिची कीव येण्याऐवजी मला तिचा रागच यायचा. मग पुस्तिका छापायला जायच्या आधी एका रविवारी सासूबाई पुन्हा साक्षीला उठल्या. शालिनीला वाटलं, आता सगळ्यांसमोर आपली शोभा होणार. "मांगच्या वेळी मी जे बोलली ते माह्या सुनेनं लिहेल हाय. पुस्तकात टाकू नका. माही आजी थांबली का नाई, कोणी पायलं नाई." मग म्हणाल्या, "पण ती तशीच गेली, हेबी कोणी पायलं नाई. इतके दिवस आमी तेच खरं धरून बसलो." त्या संध्याकाळी त्यांनी भांडी ओढून घेतली आणि सुनेला म्हणाल्या, "लिह्य आता. ती बाई तिथून कुठं गेली ते पाय."

ठरलेली कादंबरी मुलीची होती, ती निम्मी त्या आईची झाली. मधे रिबेकाचं मॅट्रिक आलं, सासूबाईंचं डोळ्यांचं ऑपरेशन आलं, पुस्तक निघायला बराच काळ गेला. टाकल्याचं बोलणं पुन्हा त्या घरात मी ऐकलं नाही. सासूबाई गेल्यानंतर शालिनीनं फारसं लिहिलं नाही. मुलं मोठी झाली होती, भांड्यांना बाई होती, वेळच वेळ होता. मी डिवचायचे, आता कोणतं कारण सांगशील? ती म्हणायची, "ऐकायला कोणी बसलेलं नाही गं." मी शेजारीच होते, पण मला कादंबरी ऐकायचा धीर नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

परवा त्यांच्याकडे गेले होते. रिबेका अजून इथंच आहे. चहा टाकता टाकता म्हणाली, "मावशी, शनिवारी सकाळी आईनं डोळे उघडले. कुसुम आली का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, बाहेर बाकावर बसली आहे. तर बरं म्हणाली, आणि मग शांत झोपली." गुरुवारपासून तिला शुद्ध नव्हती, असं वसंतरावांनी मला सांगितलं होतं. रिबेका माझ्याकडे बघत नव्हती, पातेल्यातली साय चमच्यानं बाजूला करत होती. मी तिच्या हातून कप घेतला आणि विचारलं, "आणखी काय म्हणाली?"