सेंटर फील्डरचा इकामा

एकाच कंपनीत, एकाच कॅम्पात नऊ वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. आपण फक्त तिथे हजर असावं लागतं. सौदीतल्या जुबैलच्या आमच्या कंपनीची चक्क बेसबॉलची टीम होती, आणि तिच्या आउटफिल्डमध्ये मी होतो, हे आजही कल्याणला कुणाला खरं वाटत नाही.

झालं असं. प्लांटचे अमेरिकन मॅनेजर, वॉल्टरसाहेब, एका शुक्रवारी कँटीनमागे आमचं क्रिकेट बघत उभे राहिले. स्टोअरकीपर मुश्ताकभाईंनी उलटं धावत एका हातात झेल घेतला. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर बेसबॉल टीमची यादी लागली. त्यात मुश्ताकभाई सेंटर फील्डर आणि मी लेफ्ट फील्डर! मी घाबरून विचारलं, "भाई, आउटफिल्डर म्हणजे काय?"

"काय नाय रे. बाउंड्रीला उभा राहायचा."

मुश्ताकभाई हर्णैचे. पहिल्याच मॅचमध्ये त्यांनी साहेबांनी दिलेला चामडी हातमोजा काढून जमिनीवर ठेवला आणि दगडासारखा येणारा बॉल नुसत्या हातांनी पकडला. समोरच्या टीमचे तीन गोरे खेळ थांबवून त्यांचा तळहात बघायला आले. साहेबांनी डोक्याला हात लावला. भाईंचं म्हणणं एकच, "मोजा घातला तं बॉल आलाय का नाय, कलनार कसा?"

माझं म्हणाल तर मी एकदा बॉल थेट कुंपणाबाहेर मारला. बॅट उंचावली, टाळ्या घेतल्या आणि सावलीत जाऊन बसलो. साहेब घसा फाडून ओरडत होते, "रन!" मी शांतपणे सांगितलं, "सर, सिक्स आहे." तिथे सिक्स मारूनही चारही बेस पळत पूर्ण करावे लागतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अंपायरने मला आउट दिलं. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग सौदायझेशनची, म्हणजे परदेशी माणूस काढून सौदी माणूस घ्यायच्या जागांची, यादी आली. त्यात स्टोअरकीपरची जागा होती. फहद नावाचा सौदी तरुण कामाला आला आणि मुश्ताकभाईंनी त्याला सहा महिन्यांत तयार करायचं ठरलं. भाईंनी त्याला स्टोअर शिकवलं, हिंदी शिकवली, आणि राइट फील्डला उभं करून झेलही शिकवले. फहदच्या हातून झेल सुटलेला मी पाहिला नव्हता.

एक दिवस हा पठ्ठ्या मिठाईचा डबा घेऊन आला. "मबरूक, मुश्ताकभाई. आपका प्रमोशन हो गया ना?" ऑफिसात त्याला कुणीतरी तसं सांगितलं होतं. भाईंनी एक तुकडा उचलला आणि म्हणाले, "प्रमोशन नहीं बेटा. घर जा रहा हूँ. तुम आए ना, इसलिए." फहदचा चेहरा असा पडला की मला बघवेना. त्या दिवशी त्याने डबा कुणापुढेच फिरवला नाही.

भाईंचा देश सोडायचा, एक्झिटचा कागद साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. हेड ऑफिसकडून साहेबांनी कशीबशी मुदत मागून घेतली होती: सीझन संपेपर्यंत सेंटर फील्डर हवा. सीझन संपला की शनिवारी सही आणि मंगळवारपर्यंत क्वार्टर खाली. बापाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, गेला की बायको-मुलीचाही गेला, आणि मुलगी दहावीला होती. आम्ही सेमीफायनल जिंकलो तेव्हा भाभी, ज्यांना बेसबॉल कशाशी खातात ते माहीत नव्हतं, आणखी दिवस मिळाले म्हणून फोनवर रडल्या.

फायनल तीन मॅचची, दर शुक्रवारी एक; दोन जिंकल्या की ट्रॉफी आणि सीझन खतम. पहिली आम्ही जिंकलो. दुसरीच्या आदल्या दिवशी जेवताना फहदने विचारलं, "बेटी का पेपर कब तक है?"

"बुधवार तक," भाई म्हणाले. "कल जीत गए, तो आखरी पेपर छूट जाएगा."

फहद जेवायचा थांबला. मी म्हटलं, "भाई, उद्या थोडं हळू खेळा की." भाई माझ्यावर असे उखडले की विचारू नका. "साहेबान माझ्यासाठी शब्द टाकलाय. मी झेल सोडीन?"

दुसरी मॅच. आम्ही एका रनने पुढे, त्यांचा शेवटचा माणूस बॅटिंगला आणि दोघे बेसवर. एक आउट मिळाला की ट्रॉफी आमची. बॉल उंच उडाला आणि सरळ फहदकडे गेला. लहान पोरानेही ओंजळीत घेतला असता असा. भाई सेंटरला खाली मान घालून उभे होते, त्यांनी वर पाहिलंच नाही. फहद बॉलखाली जाऊन थांबला, मोजा वर केला.

बॉल त्याच्या पायाशी वाळूत पडला. दोघेही रनर घरी पोचले आणि आम्ही हरलो. आता तिसरी मॅच पुढच्या शुक्रवारी.

साहेब टोपी हातात घेऊन धावत आले. "फहद, काय झालं?"

"सन, सर. डोळ्यांवर आला."

साहेबांनी वळून पाहिलं. सूर्य आमच्या पाठीमागे होता. ते माझ्याकडे आले. "तुला दिसलं असेल. तू सांग."

मी म्हणालो, "हो सर, आज ऊन फार आहे."