वयाचा रकाना

जिना चढताना मधल्या वळणावर बंड्या आजही थांबला. मीही थांबलो.

दोन वर्षांपूर्वी आईला दुपारची सोबत हवी म्हणून आम्ही बेवारस कुत्र्यांच्या आश्रमात गेलो होतो. मी वहीत रकाने आखून नेले होते: वय, वजन, केस गळणं, भुंकणं. प्रत्येकात दहापैकी गुण. सर्वांत जास्त गुण एका तांबूस पिल्लाला मिळाले. आई मात्र कोपऱ्यातल्या थोराड बंड्यापाशी जाऊन बसली होती.

"आई, तो नऊ वर्षांचा आहे. वयाच्या रकान्यात त्याला एकच गुण मिळालाय."

"आणि मला किती देशील रे?" ती हसली. "पिल्लू पंधरा वर्षं जगेल. मी गेल्यावर ते कुणाची वाट बघत बसेल? हा माझ्या आधी जाईल, नाहीतर बरोबरीनं."

तिच्या गणितात मला चूक सापडली नाही. बंड्या घरी आला. गेल्या महिन्यात आई गेली.

या वळणावर ती कठडा धरून दम खायची. बंड्याला अजून दम लागत नाही. तो माझ्या मागच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत उभा राहतो. मी मनात वीसपर्यंत मोजतो, कारण तिला तेवढाच वेळ लागायचा. आज मोजता मोजता चाळीस झाले. पट्टा मी ओढला नाही.