दोन जावा आणि उलटा जोसेफ

रेजिनाच्या घरात तुला खटकतं तरी काय, असं लुसील गोर्स्कीला कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर एवढंच होतं, की ते घर तिचं नव्हतं.

दोघी सख्ख्या जावा. एड आणि स्टॅन या दोघा भावांनी लग्नं झाल्यावर चीकटोवागा गावातल्या पोलिश वस्तीत एकाच गल्लीत, एकाच साच्यातून काढल्यासारखी दोन घरं घेतली. मध्ये फक्त गाडी आत न्यायची सिमेंटची वाट, तीही सामाईक. घरं जुळी असली तरी नशिबं जुळी नव्हती. लुसीलचा एड पोलादाच्या कारखान्यात होता, रेजिनाचा स्टॅन पोस्टात. कारखाना बंद पडला. पोस्ट काही बंद पडलं नाही. त्यामुळे रंगीत टीव्ही आधी रेजिनाकडे आला, भांडी घासायचं यंत्र आधी रेजिनाकडे आलं, आणि मुलगा दातांचा डॉक्टर झाला तोही रेजिनाचाच. लुसीलची मुलगी ॲरिझोनात असते आणि दर रविवारी फोनवर तिथल्या उन्हाचं कौतुक सांगते.

लुसील शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या ताटात कुस्करलेले बटाटे वाढले आणि घरी येऊन सिंकपाशी उभी राहिली की समोरच्या खिडकीत रेजिना. तिच्या सिंकवर नवा नळ आला तोही दिसायचा, नवे पडदे आले तेही दिसायचे. एड म्हणायचा, पडदा ओढून घे ना आपला. पण पडदा ओढल्यावर मग बघायचं काय? हेवा हासुद्धा एक शेजार असतो. तोडून टाकला तर करमत नाही.

यथावकाश एड गेला, मागोमाग स्टॅनही गेला. लुसीलचे गुडघे बोलायला लागले. दोन्ही जावांना एकच गोष्ट हवी होती: सेंट फ्लोरियन चर्चच्या शेजारी म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत तळमजल्याची जागा. जिना नाही, रोजची प्रार्थना चार पावलांवर, आणि शुक्रवारी खालच्या हॉलमध्ये तळलेले मासे. त्या वसंतात तळमजल्यावरची एकच जागा रिकामी झाली. इमारतीचा कारभार बघणाऱ्या बाईंनी दोघींना स्पष्ट सांगितलं, की जिच्या घराचा सौदा आधी पक्का होईल तिची जागा. दुसरीनं थांबायचं. आणि त्या इमारतीत थांबायचं म्हणजे कुणाच्या तरी मरणाची वाट बघायची.

झालं. दोन्ही अंगणांत एकाच आठवड्यात विक्रीच्या पाट्या लागल्या.

रेजिनाची सून क्रिस्टा हिचा धंदाच मुळी विकायची घरं नटवून देण्याचा. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की जशी पावडर-कुंकू करून बसवतात, तसं ही घराला बसवते. ती ट्रक घेऊन आली आणि रेजिनाचं आयुष्य खोक्यांत भरून घेऊन गेली. सोफ्यावरचं प्लास्टिकचं आवरण, लग्नाचा फोटो, पोपचा फोटो, नाताळच्या ताटल्या, सगळं. लुसील पडद्याआडून बघत होती आणि मनात म्हणत होती, बरं झालं, आता ओकंबोकं दिसेल.

रविवारी चर्च सुटल्यावर घर बघायला सगळ्यांना मोकळं होतं. अशा दिवशी निम्मी गल्ली नुसती डोकावायलाच येते. क्रिस्टानं ठेवलेली बिस्किटं खायची, कपाटं उघडून बघायची आणि घेणाऱ्यांची वाट अडवायची, हा रिवाजच आहे. लुसील मुद्दाम उशिरा गेली, जणू काही सहज वाट चुकून आली.

आत पाऊल टाकलं आणि ती उंबऱ्यातच थबकली.

ओकंबोकं कसलं, घर मोठं झालं होतं. भिंतींना फिकट राखाडी रंग, खिडक्यांतून नुसता उजेड. ओट्यावर काचेचं भांडं आणि त्यात पिवळीधमक लिंबं. त्यातलं एकही कुणी कापणार नव्हतं. दिवाणखान्यात एकच खुर्ची, तिच्यावर सहज टाकल्यासारखी शाल. कोबीचा वास नाही, कांद्याचा नाही, व्हॅनिलाचा होता. आपल्या घराचीच ही बहीण, आणि हिच्यात इतकं रूप दडलेलं होतं? इतकी वर्षं हे घर बघून जळत आले ते उगाच, खरं जळायचं तर आज, असं लुसीलला वाटलं. या घरात जी बाई राहत असेल तिला गुडघे नसतील, मेलेला नवरा नसेल, कधी भांडी साठली नसतील. तशी बाई जगात नव्हती. तरी लुसील तिच्यावरही जळली.

क्रिस्टा मोठ्या मनाची पोर होती. तिनं लुसीलला बाजूला घेतलं. "लुसील काकू, तुमचंही घर करून देते. पैसे नकोत. आणि तळघरातलं ते दुसरं स्वयंपाकघर आहे ना, ते आधी काढून टाका. हल्लीची माणसं नाक मुरडतात. आईंचं मी काढूनच टाकलं. खाली गालिचा घातला, चालायचं यंत्र ठेवलं."

"माझ्या घराला पावडर लागत नाही," लुसील म्हणाली, आणि तीन बिस्किटं पर्समध्ये टाकून घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं राखाडी रंग आणला. दुकानातला मुलगा विचारायला लागला, राखाडी कुठला? तिनं सांगितलं, शेजारचा. फोटो उतरवले. एडचा फोटो उतरवताना हात अडला, पण रेजिनानं स्टॅनला उतरवलंय म्हटल्यावर एडलाही उतरावं लागलं. लिंबं आणली आणि काचेच्या भांड्यात रचली. भांडं रेजिनाच्या भांड्यापेक्षा मोठं. शाल टाकली. ती काही केल्या सहज पडेना, दर वेळी घडी घालून ठेवल्यासारखीच दिसायची.

राहिलं तळघर. आमच्या चीकटोवागात वरचं स्वयंपाकघर दाखवायला आणि खालचं रांधायला, ही पोलिश घरांची जुनी चाल. पण लुसीलचं तळघर त्याहून वेगळं होतं. चर्चच्या हॉलनं मोडीत काढलेली सहा शेगड्यांची लोखंडी चूल एडनं स्वस्तात आणली आणि मित्रांना गोळा करून खाली उतरवली. तिथेच दर नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं गोर्स्की खानदान लांबलचक टेबलावर बसायचं. बीटचं सार, मासे, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिरोगी. रेजिना पाहुणी म्हणून यायची, अत्तर लावून. ती चूल आता हलवायची कुणी? उतरवताना लागले होते पाच जण, आणि त्यातले चार आता कबरस्तानात. शेवटी लुसीलनं चुलीसमोर दोरी बांधली आणि चादर सोडली. लाज झाकली.

आणि मग जोसेफ.

घर विकायला काढलं की आमच्याकडे अंगणात संत जोसेफ पुरतात. धार्मिक वस्तूंच्या दुकानात बोटाएवढा मिळतो, प्लास्टिकचा. डोकं मातीत, पाय आभाळाकडे, आणि तोंड आपल्या घराकडे. बिचाऱ्याला सुटका हवी असते, म्हणून तो गिऱ्हाईक आणतो. घर विकलं की उकरून, धुऊन नव्या घरात मानानं ठेवायचा. शिकलेलीसवरलेली माणसंही पुरतात, वर हसतात आणि पुरतात. तोंडाचं मात्र सांभाळावं लागतं. पलीकडच्या गल्लीत विट्कोव्स्कीबाईंनी घाईत तोंड रस्त्याकडे केलं, तर समोरच्यांचं घर विकलं गेलं. समोरच्यांनी ते विकायलाही काढलं नव्हतं.

रेजिनानं आपला जोसेफ पाटीच्या बुडाशी पुरला, ते लुसीलनं सिंकच्या खिडकीतून पाहिलं होतं. स्वतःचा तिनंही तसाच पुरला. पण रेजिनाच्या दारात गाड्या थांबायला लागल्या, आणि लुसीलकडे आलेली माणसं दोन मिनिटांत बाहेर. एक बाई तर दाराबाहेर पडताना नवऱ्याला म्हणाली, की हे त्याच घराची नक्कल केल्यासारखं दिसतंय. लुसीलनं ते ऐकलं.

गुरुवारी रेजिना केस सेट करायला जाते. त्या गुरुवारी भरदुपारी लुसील सार वाढायचा डाव घेऊन सिमेंटची वाट ओलांडून पलीकडे गेली. वाकताना गुडघ्यांनी आरडाओरडा केला. तिनं माती काढली, जोसेफचे पाय सापडले, आणि नळाची चावी फिरवावी तसा तिनं त्याला पाव फेरा फिरवला. आता तो लुसीलच्या घराकडे बघत होता. माती दाबली आणि वर गवताची ढेप ठेवली. संताची क्षमा मागितली, रेजिनाची नाही.

पुढच्याच आठवड्यात बांगलादेशी कुटुंब आलं. नवरा, नासिमा नावाची त्याची बायको, आणि काठी टेकत आलेली सासू. आधी रेजिनाकडे गेले, बराच वेळ होते. लुसील खिडकीशी उभी राहून नखं खात होती. मग ते इकडे आले. तीच राखाडी भिंत, तीच लिंबं. नासिमा मान डोलावत होती, पण सौजन्यानं. सासू मात्र कुणाचं न ऐकता जिना उतरून तळघरात गेली आणि तिनं काठीनं चादर बाजूला सारली.

लुसीलला वाटलं, संपलं.

म्हातारी त्या चुलीकडे बघत राहिली. मग तिनं एक बटण फिरवून पाहिलं, लोखंडी जाळीवरून हात फिरवला आणि सुनेला भराभरा काहीतरी सांगितलं. नासिमा हसायला लागली.

"सासूबाई म्हणतात, इथे मासे तळले तर वरच्या पडद्यांना वास लागणार नाही. शेजारी असंच खाली का नाही, म्हणून विचारतायत."

"होतं," लुसील म्हणाली. "तिनं काढून टाकलं."

म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला, तो समजायला भाषा लागली नाही. मग लुसीलनं स्वतःच चादर ओढून काढली, टेबल कुठे लागायचं ते दाखवलं, आणि शुक्रवारचे मासे सांगता सांगता एडचंही सांगून टाकलं. सौदा झाला.

तळमजल्याची जागा लुसीलला मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा रेजिनाच्या आधी तिला काहीतरी मिळालं होतं. त्या रात्री तिनं सिंकवरचा पडदा उघडा ठेवून दिवा लावला. म्हटलं, बघू दे.

निघायच्या आधी जोसेफ काढायचा होता. तोच डाव घेऊन ती पाटीपाशी बसली, माती बाजूला केली, आणि तिचा हात थांबला.

तिच्या जोसेफचं तोंड रेजिनाच्या घराकडे होतं.

तिनं ते आठवून पाहिलं. नाही, तिनं नीट पुरला होता, घराकडे, दोनदा बघून. विट्कोव्स्कीबाईंची चूक ती करणं शक्य नव्हतं. ती तशीच चिखलानं माखलेला जोसेफ मुठीत धरून पलीकडे गेली. रेजिना दारातच उभी होती. खिडकीतून सगळं बघितलंच असणार.

"माझा जोसेफ तुझ्याकडे बघत होता," लुसील म्हणाली.

रेजिनानं नाटक केलं नाही. "बुधवारी तू गुडघ्याच्या डॉक्टरकडे गेली होतीस, तेव्हा फिरवला."

"तुला कशाला फिरवायला लागत होता गं? तुझ्याकडे क्रिस्टा, तुझ्याकडे लिंबं, तुझ्याकडे सगळं."

"सगळं?" रेजिना म्हणाली. "माझ्या तळघरात कधी माणूस जेवलाय? दर नाताळला तुझ्याकडे यायचे, ते हसणं ऐकायचे आणि घरी येऊन स्टॅनशी भांडायचे. आपल्याकडे का कुणी बसत नाही, म्हणून. तो बिचारा मला यंत्रं आणून द्यायचा. भांडी घासायचं यंत्र आणलं. घासायला भांडी तर हवीत."

लुसीलला रागवायचं होतं, पण राग कुठे सापडेना. तिच्यावर कुणीतरी जळत होतं. तिच्यावर! तेही इतकी वर्षं, समोरच्याच खिडकीत उभं राहून. हे आधी कळलं असतं तर कितीतरी दिवस सुखात गेले असते.

"तुझाही काढून बघ," ती शेवटी म्हणाली. "गुरुवारी तू केस करायला गेली होतीस."

रेजिनानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. "म्हातारडी कुठली," ती म्हणाली, आणि डाव मागून घेतला.

रेजिनाचं घर पुढे विकलं गेलंच, लिंबं आवडणाऱ्या एका तरुण जोडप्याला. तळमजला काही तिला मिळाला नाही. मात्र वरच्या मजल्यावर, लुसीलच्या बरोबर डोक्यावर राहणारे एक आजोबा शुश्रूषागृहात गेले आणि त्यांची जागा तिला मिळाली. पुढच्या वर्षी लुसील ईस्टरचा गोड पाव घेऊन लिफ्टनं वर गेली. रेजिनाच्या जागेला गॅलरी होती. गॅलरीतून चर्चचा मनोरा दिसत होता, आणि संध्याकाळचं ऊन थेट आत येऊन खुर्चीवर बसलं होतं. लुसीलच्या खिडकीतून दिसायचे कचऱ्याचे डबे.

"कशी वाटली?" रेजिनानं विचारलं.

"वारा फार लागत असेल," लुसील म्हणाली.

तो जुना ओळखीचा हेवा घेऊनच ती खाली आली. खिडकीत मानानं ठेवलेला जोसेफ उचलला, पुसला आणि पाठीवर आडवा निजवला. तोंड छताकडे, बरोबर रेजिनाच्या खुर्चीखाली येईल असं. उद्या ती पावाची ताटली परत द्यायला खाली येईल, बघेल आणि ओळखेल.