सोनोग्राफी आणि मुंगवड्या

आईच्या छातीतली गाठ काढून दोन वर्षं झाली होती. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तसं मी तिला कुही गावाहून नागपूरला, धरमपेठेत माझ्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर पित्ताशयात पसरलाय का, ते सोनोग्राफीत बघू. रात्रीपासून काही खायचं नाही. चहासुद्धा नाही." नागपुरात ते मशीन तेव्हा नवंच होतं.

सकाळी मी आंघोळीला गेले, तेवढ्यात बाईसाहेबांनी पेलाभर दुधाचा चहा पिऊन घेतला! कळलं कधी, तर टेबलावर झोपवल्यावर. चहातल्या दुधानं पित्ताशय आकसलेलं, पडद्यावर धड काही दिसेना. "उद्या या," डॉक्टर म्हणाले. सायकलरिक्षात मी तिला असं झाडलं की रिक्षावाला वळून वळून पाहू लागला. इथं माझा जीव टांगणीला आणि हिला चहाची तल्लफ!

घरी येऊन तिनं मुगाची डाळ वाटायला घेतली. भिजत कधी घातली होती कोण जाणे. गच्चीवर जुनं लुगडं पसरून दुपारपर्यंत मुंगवड्या घातल्या. मधूनच बरगडी दाबून धरायची. "मरू दे त्या वड्या!" म्हणून मी फणकाऱ्यानं खाली आले.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातच ठाण मांडलं.

या वेळी पडद्यावर काळी पिशवी स्पष्ट दिसली आणि तिच्यात एक पांढरा ठिपका. हीच ती पसरलेली गाठ, मला वाटलं.

"आई, डाव्या कुशीवर वळा," डॉक्टर म्हणाले.

ती वळली आणि ठिपका घरंगळला.

"सरकला बघा. खाली सावलीही पडतेय. खडा आहे हा. पसरलेली गाठ भिंतीला धरून बसते, अशी हलत नाही. ऑपरेशन करून काढू."

मला रडूच कोसळलं.

"गोटाच हाय ना? मंग काहून रडून राहिली वं?"

बाहेर पायरीवर बसल्यावर ती हळूच म्हणाली, "कालची चाय मी मुद्दाम पेली."

"काय?"

"डाळ भिजून होती. वाईट निघालं असतं, त तू मले वड्या टाकू देल्या असत्या का? खाटेवर निजवून ठेवलं असतं. तुह्या घरच्या वर्षाच्या वड्या राहून गेल्या असत्या."

ओरडायला म्हणून तोंड उघडलं, आणि तिथंच सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात पडले.

त्या वड्या वर्षभर पुरल्या. पुढच्या उन्हाळ्यात डाळ भिजत घालायला तीच आली.