वाटीवाली बाय

वाटीवाली बाय रोज कोणाच्या ना कोणाच्या दारात उभी राहून वाटीभर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ मागायची. तिच्या स्वतःच्या घरात नागलीची कणगी होती आणि ती कधी रिकामी नसायची. हे मला कळलं, तेव्हापासून तिच्याबद्दलच्या कुतूहलाने माझी पाठ सोडली नाही.

मी तेव्हा मोखाडा तालुक्यातल्या एका डोंगराळ ग्रामपंचायतीत ग्रामसेवक म्हणून नवाच रुजू झालो होतो. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या खोलीच्या दारात आली. ठेंगणी, सावळी, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातात चेपलेली जर्मनची वाटी. "भाऊसाहेब, वाटीभर पीठ हाय का?" माझ्याकडे गव्हाचं होतं. मी वाटी भरून दिली. तिने वास घेतला, डब्यात डोकावून पाहिलं आणि पीठ परत माझ्याच डब्यात ओतलं. "आसूं दे. तुझ्याकडं हाय," म्हणाली आणि गेली. मागायला आलेली बाई मिळालेलं परत का करते, ते मला समजेना.

गावात विचारलं तर कोणी नीट सांगेना. सरपंचताई हसून म्हणाल्या, "ती अशीच आहे, भाऊसाहेब. माझ्या लग्नापासून मागतेय." बाय पाड्यावरच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलायची, माझ्याशी मात्र मराठीत. आणि मराठीत तिला आदरार्थी काही ठाऊक नव्हतं. मी 'तू', तालुक्याचे साहेब 'तू', देवही 'तू'.

उत्तर मिळालं ते योगायोगाने. विहिरीची जागा बघायला मी खालच्या पाड्यावर गेलो होतो. तिथली घरं बिनजमिनीची, रोजच्या मजुरीवर चालणारी. काशी नावाच्या बाईच्या दारात बाय वाटी घेऊन उभी होती. काशी म्हणाली, "नाय गं बाय, आज आमच्यातच नाय." हे ती अगदी सहज बोलली, कारण मागणारी समोरची होती. "आसूं दे, दुसरीकडं बघते," म्हणून बाय निघून गेली. माझं काम आटपेपर्यंत ती पुन्हा आली, पदराखाली भरलेलं सूप घेऊन. "काशे, आज मला लय मिळालं. माझ्याकडं राहून कीड लागंल. घे यातलं."

येताना पायवाटेवर मी तिला गाठलं. "बाय, तुला हे कोणी शिकवलं?"

ती म्हणाली, "माझ्या आयशीकडं एक बाई मीठ मागाया यायची. रोज. मी म्हणायची, हिच्या घरी मीठच कसं नाय? मोठी झाले, पोरं झाली, तवा समजलं, ती आमची चूल बघाया यायची."  

पावसाळ्यात तिची अडचण होऊ लागली. चार घरांतून गोळा केलेली नागली, वरई ती घरातच ठेवायची. ओल यायची, उंदीर लागायचे. एका ग्रामसभेत ती उठून उभी राहिली. अंगणवाडी नव्या इमारतीत गेल्यामुळे जुनी खोली रिकामी पडली होती आणि तिथे नळयोजनेचे पाइप ठेवायचं जवळपास ठरलं होतं. बाय म्हणाली, "पाइपांना भूक लागत नाय. खोली धान्याला द्या."

सभा हसली, पण ठराव झाला. मला ते काम मनापासून आवडलं. ग्रामपंचायतीने पत्रे बदलले, जमीन उंच करून कोबा केला, पत्र्याच्या चार कोठ्या आणल्या. ठरलं असं, की कापणीनंतर प्रत्येक घराने सूपभर धान्य द्यायचं आणि ज्याच्याकडे शेत नाही त्याने वाळवायला, पाखडायला अर्धा दिवस यायचं. किल्ली बायकांच्या गटाकडे. इथपर्यंत सगळं छान होतं. मग मी माती खाल्ली.

मी गरजूंची यादी केली. घरोघर फिरून, चांगल्या अक्षरात. उद्घाटनाला लाउडस्पीकर आणला, फोटो काढायला एकाला मोबाइल घेऊन उभं केलं आणि यादीतली नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव काशीचं होतं. ती गर्दीच्या मागे उभी होती. मी दोनदा नाव घेतलं. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि वळून चालू लागली. तिच्यामागोमाग आणखी तिघी गेल्या. भरलेल्या कोठ्यांपुढे मी कागद धरून उभा राहिलो.

काशीचं कुटुंब दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं. त्या वर्षी ती दिवाळीची वाट न बघता गेली. तिची मुलगी चौथीत होती, तीही शाळा सोडून आईबरोबर गेली. गुरुजींनी मला विचारलं, "एवढ्या लवकर का गेले हे लोक?" मला ठाऊक होतं, पण मी विषय बदलला.

बाय आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. समोर दिसली की बांधावरून दुसरीकडे वळायची. नवव्या दिवशी कार्यालयात आली आणि खाली बसली.

"तू काशीची भूक लाउडस्पीकरवर सांगितलीस."

"बाय, माझा हेतू..."

"हेतू मला ठाव हाय. तू वाईट माणूस नाय. पण तुला मागाया कधी लागलं नाय."

मी यादी टेबलावरून उचलली आणि तिच्यासमोरच फाडली. मग विचारलं, "आता काय करू?" इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हा प्रश्न कोणा वरिष्ठालाही इतक्या खरेपणाने विचारला नसेल.

ती मला खोलीच्या मागे घेऊन गेली. तिथून ओढ्याकडे पाणवठ्याची वाट जात होती. सकाळ-संध्याकाळ गावातल्या सगळ्या बायका त्याच वाटेने हंडे घेऊन जायच्या. बायने भिंतीवर हात ठेवला. "इथं दार फोड. हंडा घेऊन जाणारी बाई कोणाच्या डोळ्यावर येत नाय. हंड्यात पाणी हाय का नागली, कोण बघतं?"

सरपंचताईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे आपल्याला कसं नाही सुचलं?" पुढच्या सभेत दोन ओळींचा ठराव झाला: धान्याच्या खोलीला मागील बाजूने दार करावे आणि धान्य कोणी नेले याची नोंद ठेवू नये. मागच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती.

पुढे तालुक्याहून तपासणीला साहेब आले. माणूस सज्जन, पण कागदाशी बांधलेला. "मागचं दार अंदाजपत्रकात नाही. आणि कोणी नेलं, किती नेलं, याचं रजिस्टर कुठे?" मी घाम पुसत उभा होतो. बाय उंबऱ्यावर वरई निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "साहेब, तू घरी जेवतोस, तवा तुझी बायको लिहून ठेवते का?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी मागचं दार उघडलं, ओढ्याकडे जाणारी वाट आणि त्या वाटेने हंडे नेणाऱ्या बायका बघितल्या. परत येऊन म्हणाले, "असं करा. माणसांची नोंद नको. दर ग्रामसभेला कोठ्या उघडून सगळ्यांना दाखवा आणि दाखवल्याचं इतिवृत्तात लिहा. तेवढं मला पुरे." जाताना त्यांनी बायला वाकून नमस्कार केला. ती गोंधळली. "ह्याला काय झालं?" म्हणून मला विचारू लागली.

त्याच्या पुढच्या भाद्रपदात घाटात दरड कोसळली. रस्ता बंद, जीप बंद, रेशनची गाडी पलीकडे अडकलेली. पावसाने मजुरीही थांबली. जुनं धान्य संपलेलं आणि नवं अजून शेतात हिरवं, असे ते दिवस. मी रोज सकाळी कोठ्यांत डोकावायचो. नागली उतरत होती. एका सकाळी मात्र ती आदल्या दिवसापेक्षा वर होती. रात्रीतून कोणीतरी आणून टाकली होती. कोणी, ते मला शोधून काढायची फार इच्छा झाली. बायला विचारलं.

"घेणारी विचारायची नाय, तर देणारी काहाला विचारतोस?"

रस्ता मोकळा झाला तेव्हा कोठ्यांच्या तळाशी धान्य शिल्लक होतं. काशी भट्टीवरून ज्येष्ठातच परतली होती. त्या दिवसांत ती मागच्या दाराने आली की नाही, मला आजही माहीत नाही. एवढं मात्र सांगता येईल, की कापणीनंतर वाळवणाच्या दिवशी ती पुढच्या दाराने आली आणि अर्ध्याऐवजी पूर्ण दिवस पाखडत बसली. तिची मुलगी त्या दिवशी शाळेत होती.

मग माझी बदली झाली. लांबच्या तालुक्यात. निरोपाच्या सभेत शाल, नारळ, भाषणं झाली. बाय बोलली नाही. जीपपर्यंत सोडायला मात्र आली, दुखऱ्या गुडघ्यांनी चढ चढत. जीप जव्हारला जायची, तिथल्या डेपोतून मला एसटी धरायची होती. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्याच माघात ती गेली, आणि मला ते महिन्याने कळलं.

त्या दिवशी जीपपाशी माझे डोळे भरून आले होते. तिचे नव्हते. ती माझ्या बॅगेकडे बघत होती.

"नवं गाव बघितलंस?"

"एकदा जाऊन आलो."

"तिथं उपाशी कोण हाय, ठाव हाय का तुला?"

"अजून नाही, बाय."

"मंग हितं रडत काय उभा राहिलास?" तिने माझी बॅग उचलून जीपमध्ये ठेवली. "बस लवकर."