तंबूच्या चेनी

जैसलमेरच्या पुढं वाळूत आमचा कँप आहे. पर्यटक तंबूत राहतात, मी तंबू सांभाळतो. नववीतून शाळा सोडलेल्या माणदेशातल्या पोराला मालकानं काही न विचारता ठेवून घेतलं, हे उपकार मी विसरत नाही. पाहुणे गेले की रजया झटकून पत्र्याच्या पेट्यांत भरायच्या, झाकणाखाली जुनी चादर दाबायची. चेनींचे दात कोरड्या टूथब्रशनं घासायचे, वरून मेणबत्ती फिरवायची. तेल लावायचं नाही. तेलाला वाळू चिकटते आणि चेन अडकते.

घरातून निघताना 'कामाला जातो' एवढंच सांगितलं होतं. पहिल्या थंडीत कँपचं खाकी जॅकेट घालून फोटो पाठवला. आमच्याकडं घराघरांत फौजी. बायका म्हणाल्या, पोरगं मिल्ट्रीत लागलं. आईनं फोनवर विचारलं, "ड्यूटी लय अवघड आसंल न्हवं?" मी म्हणालो, "हाय की." बास, तेवढंच. पुढं ती सगळ्यांना अभिमानानं सांगत सुटली, आणि मला तोंड उघडायचं भ्या वाटायला लागलं.

गेल्या आठवड्यात फलटणकडचे एक निवृत्त सुभेदार बायकोला घेऊन आले. त्यांच्या तंबूची चेन अडकली, म्हणून ब्रश घेऊन गुडघ्यावर बसलो. काकू गंमत म्हणून फोटो काढत होत्या. माझ्या तोंडून 'आयला' निघालं आणि त्या ओरडल्याच, "आवं, ह्यो तर आपल्याकडचा!"

मी गावाचं नाव सांगितलं.

"तितं माझा साडू हाय," सुभेदार म्हणाले. "तुमच्यातलं एक पोरगं मिल्ट्रीत हाय म्हणं, हिकडंच. वळखतोस का रं?"

मान वर करवेना. "त्यो मीच," म्हणालो.

सुभेदार माझ्या हातातल्या ब्रशकडं बघत राहिले. काकूंनी माझ्यासमोरच मोबाइलमधले फोटो पुसून टाकले. "आमी न्हाई कुणाला बोलत. पर आईला तू सांग, बाबा. दुसऱ्याच्या त्वांडातनं कळाय नगं."

दुपारी फोन लावला. "आई, मी मिल्ट्रीत न्हाई."

"मग काय करतूस तितं?"

"तंबूच्या चेनीतली धूळ काढतो."

ती म्हणाली, "नाकाला फडकं बांधत जा." आणि मग, "आन मी बायकास्नी काय सांगू रं?"

"तुला वाटंल ते सांग," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर त्याचीच जास्त लाज वाटली. गावाला तोंड द्यायचं कामसुद्धा मी तिच्यावरच टाकलं होतं.